चेंडू पायाशी असताना: मुलांचं फुटबॉल कौशल्य मोजायचं कसं?

अकरा-बारा वर्षांच्या मुलांची फुटबॉलची निवड चाचणी सहसा अशी होते. कोन्स एका रांगेत मांडलेले असतात, प्रशिक्षकाच्या हातात स्टॉपवॉच असतं, मुलं एकामागून एक चेंडू घेऊन त्या कोन्समधून नागमोडी धावतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे सेकंद लिहिले जातात. मग यादी लागते. वरची मुलं आत, खालची बाहेर. समोर आकडा असतो म्हणून ही पद्धत पालकांनाही न्याय्य वाटते. पण त्या आकड्यात चेंडूवरचं प्रभुत्व किती आणि मुलाच्या पायांची लांबी, धावण्याचा वेग, जन्ममहिना यांचा वाटा किती, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर चुकलं की ज्याला थोडा वेळ हवा होता तो मुलगा किंवा ती मुलगी खेळच सोडून देते.

आधी मोजायचं काय ते ठरवू. चेंडूवरचं वैयक्तिक कौशल्य म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, तो घेऊन धावणं आणि वळणं, अंगावर आलेल्या प्रतिस्पर्ध्याला चकवणं, शरीर आड घालून चेंडू राखणं, आणि शेवटी पास किंवा शॉट. वील कुर्फर हे डच प्रशिक्षक या विषयातलं मोठं नाव. त्यांच्या मार्गदर्शनाखाली फेयेनूर्ड या डच क्लबने 1974 साली यूएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या खेळाडूंच्या चाली जन्मजात देणगी मानून सोडून देऊ नयेत. त्यांचे तुकडे पाडून त्या कोणत्याही मुलाला शिकवता येतात. एकदा हे मान्य केलं की मूल्यमापनाचा हेतूही बदलतो. कोण गुणी आणि कोण नाही हे ठरवण्याऐवजी या मुलाला पुढच्या दोन महिन्यांत काय शिकवायचं, हे त्यातून कळायला हवं.

एका आकड्यात लपलेल्या दोन गोष्टी

कोन्समधल्या शर्यतीकडेच परत पाहू. समजा एका मुलाला चेंडू घेऊन ती वाट पार करायला 12.0 सेकंद लागले आणि दुसऱ्याला 12.6. यादीत पहिला वर जाईल. आता दोघांना त्याच कोन्समधून चेंडूशिवाय पळवा. पहिला 9.0 सेकंदांत येतो, दुसरा 10.5 सेकंदांत. म्हणजे चेंडू पायाशी आल्यावर पहिल्याला 3.0 सेकंद जास्त लागले, दुसऱ्याला फक्त 2.1 सेकंद. दुसरा मुलगा मुळात सावकाश धावतो, पण चेंडू त्याच्या आड येत नाही. पहिला वेगवान आहे आणि त्या वेगाच्या जोरावर चेंडूवरची कमतरता झाकली जाते.

चेंडूसह लागलेल्या वेळातून चेंडूशिवाय लागलेला वेळ वजा करण्याची ही युक्ती साधी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. तरीही ती क्वचितच वापरली जाते. पहिला मुलगा वाईट, असा याचा अर्थ नव्हे. वेगही खेळात हवाच. आयएक्स या डच क्लबच्या अकादमीत तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग असे चार निकष धरण्याची जुनी परंपरा आहे आणि त्यात वेगाला स्वतंत्र जागा आहे. मुद्दा इतकाच की दोन गुण एका आकड्यात कालवले तर दोन्ही दिसेनासे होतात आणि शिकवणाऱ्याला हाताशी काहीच लागत नाही. पहिल्याला चेंडू जवळ ठेवायला शिकवायचं आहे, दुसऱ्याला धावायला. दोघांना एकच सराव दिला तर निदान एकाचा वेळ तरी वाया जातो.

वयाचा आणि वाढीचा घोळ

वयोगट वर्षाने ठरतात. जानेवारीपासून वर्ष मोजणाऱ्या गटात 2 जानेवारीला जन्मलेलं मूल आणि 28 डिसेंबरला जन्मलेलं मूल एकाच संघासाठी झगडतात. दहाव्या वर्षी हे जवळपास बारा महिन्यांचं अंतर म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा असतो. मोठं मूल उंच असतं, ताकदवान असतं आणि बहुधा खेळलेलंही जास्त असतं. जगभरच्या युवा संघांमध्ये वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या ठळकपणे जास्त आढळते. संशोधक याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. डिसेंबरात जन्मलेली मुलं फुटबॉलसाठी कमी लायक असतात असं तर कोणी म्हणणार नाही. त्यांना गाळलं गेलेलं असतं.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे जैविक वय. मुलींची उंची सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण ही झाली सरासरी. एकाच तारखेला जन्मलेल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एक जवळपास पुरुष दिसतो आणि दुसरा अजून लहान पोरगाच असतो. लांबून मारलेला शॉट किंवा लांब पास यांची चाचणी घेतली तर पहिला जिंकणार हे चाचणीआधीच ठरलेलं असतं. उलट, झपाट्याने उंची वाढत असताना काही मुलांची हालचाल काही महिने अवघडलेली होते. पाय लांब झालेले असतात, पण मेंदूचा त्यांच्याबद्दलचा अंदाज अजून जुनाच असतो. नेमकी त्याच महिन्यांत चाचणी आली तर कालपर्यंत सफाईदार खेळणारं मूल अचानक बिघडल्यासारखं वाटतं.

यावर मोठ्या क्लबांनी शोधलेला एक उपाय म्हणजे काही सामने आणि चाचण्यांसाठी मुलांचे गट जन्मतारखेऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार पाडणं. याला बायो-बँडिंग म्हणतात आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या अकादमींनी ते वापरून पाहिलं आहे. लवकर वाढलेल्या मुलाला तिथे ताकदीचा आधार मिळत नाही, त्यामुळे त्याला तंत्र वापरावंच लागतं. उशिरा वाढणाऱ्याला स्वतःचं कसब दाखवायला जागा मिळते. छोट्या क्लबला एवढं जमणार नाही. पण दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची मोजून चाचणीच्या कागदावर लिहिणं कोणालाही जमतं. आकडा घसरलेला दिसला की शेजारची उंची बघायची. तीन महिन्यांत तीन-चार सेंटिमीटर वाढलेल्या मुलाबद्दल निष्कर्ष काढायची घाई करू नये.

चाचणी विश्वासार्ह आहे का?

कोणत्याही चाचणीला तीन प्रश्न विचारायचे असतात. जे मोजायचं आहे तेच ती मोजते का? तेच मूल पुढच्या आठवड्यात पुन्हा आलं तर साधारण तोच निकाल येईल का? आणि मोजणारा माणूस बदलला तर निकाल बदलेल का?

दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक चाचण्या अडखळतात. समजा एखादी मुलगी लक्ष्यावर पास देण्यात खरोखर दहापैकी सहा वेळा यशस्वी होते, हीच तिची आजची पातळी आहे. तिला दहा पास द्यायला लावले तर दर वेळी बरोबर सहाच लागणार नाहीत. केवळ योगायोगाने कधी चार लागतील, कधी आठ. गणित मांडलं तर तिचा निकाल दहातल्या नऊ वेळा 4 ते 8 या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. म्हणजे दहा पासांच्या चाचणीत सहा आणि सात यांत फरक आहे असं मानणं चुकीचं आहे, सहा आणि आठ यांतही जपूनच बोलायला हवं. प्रयत्न वाढवा, दोन वेगळ्या दिवशी घ्या, मग चित्र जरा स्थिर होतं. स्टॉपवॉचचंही तसंच. अंगठ्याने दाबलेल्या घड्याळात सेकंदाचा एक-दोन दशांश भाग सहज इकडेतिकडे होतो. तेवढ्याच फरकावर पंधरावं आणि सोळावं मूल ठरत असेल तर तो निर्णय अंगठ्याने घेतला असंच म्हणावं लागेल.

आणखी एक सापळा सरावाचा. नवी चाचणी पहिल्यांदा देणारं मूल निम्मं लक्ष नियम लक्षात ठेवण्यात घालवतं. दुसऱ्या खेपेला ते सुधारतं, कारण चाचणी ओळखीची झालेली असते. म्हणून मोजायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकाला ती दोनदा करून बघू द्यावी.

चाचणी नीट विचार करून कशी बांधतात याचा एक चांगला नमुना म्हणजे इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात तयार झालेली पासची चाचणी. खेळाडू चौकटीच्या आत असतो, चारही बाजूंना वेगवेगळ्या रंगांची लक्ष्यं असतात. परीक्षक एक रंग पुकारतो, खेळाडू तिकडे पास देतो, आपटून परत आलेला चेंडू ताब्यात घेतो, तेवढ्यात पुढचा रंग पुकारला जातो. असे सोळा पास. वेळ मोजली जाते, पण चुकांसाठी त्यात सेकंद मिळवले जातात. चुकीच्या लक्ष्यावर पास गेला तर पाच सेकंद, लक्ष्याच्या खुणेच्या बाहेर लागला तर तीन. नेमका मधल्या पट्टीवर लागला तर एक सेकंद वजा होतो. यात वेग आणि अचूकता यांचा झगडा मुद्दाम उभा केला आहे. घाई केली तर चूक, जपून खेळलं तर वेळ. खेळातही हेच होतं. शिवाय पुढचा पास कुठे जाणार हे आधी माहीत नसल्याने पाठ केलेली चाल उपयोगी पडत नाही. कोन्सच्या रांगेत हे काहीच नसतं, पहिल्या कोनपासून शेवटच्या कोनपर्यंत सगळं आधीच ठाऊक असतं.

पहिला स्पर्श

मला एकच कौशल्य तपासायची मुभा दिली तर मी पहिला स्पर्श तपासेन. चेंडू ताब्यात घेताना झालेल्या त्या एका क्षणावर पुढचं सगळं अवलंबून असतं. स्पर्श चांगला असेल तर मान वर करायला, पास निवडायला, वळायला वेळ मिळतो. वाईट असेल तर तो वेळ चेंडूमागे धावण्यात जातो.

हे मोजताना एक चूक हमखास होते. चेंडू मुलाकडे पाठवायचा आणि तो एका मीटरच्या आत थांबला तर गुण द्यायचा, अशी चाचणी घेतली जाते. मुलं हुशार असतात. ती तळव्याखाली चेंडू जागच्या जागी दाबून पूर्ण गुण मिळवतात. सामन्यात मात्र असा मेलेला चेंडू म्हणजे अंगावर धावून येणाऱ्याला आमंत्रण. ज्याला गुण मिळतात ते मुलं शिकतात, त्यामुळे चुकीची चाचणी चुकीचं फुटबॉल शिकवते.

त्यापेक्षा मुलाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कोन्सची दारं मांडा. चेंडू वाटेत असतानाच डावं किंवा उजवं पुकारा. पहिल्याच स्पर्शात चेंडू त्या दारातून गेला का, आणि दुसरा स्पर्श करायला मुलाला पाऊल टाकण्यापलीकडे काही करावं लागलं का, एवढंच बघा. चेंडू लाथेने पाठवण्याऐवजी हाताने घरंगळवा, म्हणजे प्रत्येकाला साधारण सारख्याच वेगाचा चेंडू मिळेल. मग उसळता चेंडू, मग हवेतला. मग तेच दुसऱ्या पायाने. थोडं पुढे गेलेल्या मुलांसाठी पुकारण्याऐवजी मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याने हात वर करावा. मग चेंडू येण्याआधी ज्याने खांद्यावरून मागे नजर टाकली त्यालाच कुठे वळायचं ते कळेल. चेंडू मिळण्याआधी आजूबाजूला पाहून घेण्याची ही सवय अव्वल खेळाडूंमध्ये ठळक दिसते. नॉर्वेचे संशोधक गेइर यूर्डेट यांनी सामन्यांच्या चित्रफिती तपासून यावर बरीच वर्षं काम केलं आहे. ती सवय पायाची नसली तरी तिच्याशिवाय पायाचं कौशल्य आंधळं राहतं.

दुसऱ्या पायाबद्दल थोडक्यात. दोन्ही पायांचे गुण वेगळे लिहा, बेरीज करू नका. आणि चाचणीत कमकुवत पाय बरा चालणारं मूल सामन्यात तो टाळण्यासाठी पूर्ण गिरकी घेऊन मजबूत पायावर येतं का, तेही बघा. तसं होत असेल तर अडचण तंत्रापेक्षा भरवशाची आहे आणि तिच्यावरचा सराव वेगळा असतो.

सामन्यात काय दिसतं

पाढे घडाघडा म्हणणारं मूल शाब्दिक उदाहरणात अडकू शकतं. कोन्समध्ये चमकणारं मूल खेळात हरवतं ते असंच. कोन अंगावर येत नाही, पाय घालत नाही, फसत नाही. म्हणून सुट्या चाचण्यांच्या जोडीला चार विरुद्ध चार असा छोटा खेळ बघायलाच हवा. मैदान लहान आणि माणसं कमी असल्यामुळे प्रत्येकाकडे चेंडू वारंवार येतो. अकरा विरुद्ध अकराच्या सामन्यात एखादं मूल इतका वेळ चेंडूपासून दूर असतं की त्याच्याबद्दल मत बनवणं अन्यायाचं ठरतं. संघही दर काही मिनिटांनी बदला, नाहीतर चांगल्या सोबत्यांमुळे कोणी चांगला दिसतो आणि कमकुवत सोबत्यांमुळे कोणी वाईट.

बघताना निर्णय आणि अंमलबजावणी यांची नोंद वेगवेगळी करा. शारीरिक शिक्षणातल्या अभ्यासकांनी 1990च्या दशकात सामन्यातल्या कामगिरीच्या नोंदीसाठी जी साधनं तयार केली, त्यांचा गाभा हाच आहे. एखाद्या मुलीने मोकळी जागा ओळखून दोन बचावपटूंच्या मधून पास द्यायचा प्रयत्न केला आणि चेंडू अडला. वरवर पाहणारा ‘चुकली’ असं लिहील. खरं तर निर्णय उत्तम होता, पायाने साथ दिली नाही. तिला पासचा सराव द्या आणि तोच निर्णय पुन्हा घ्यायला सांगा. दुसरं मूल दर वेळी सुरक्षितपणे मागे पास देतं आणि त्याची टक्केवारी सुंदर दिसते. पण ते कधी कोणाला चकवायचा प्रयत्नच करत नाही. केवळ यशस्वी पास मोजणारा तक्ता दुसऱ्याला वर ठेवेल, आणि हळूहळू सगळा संघ मागे पास द्यायला शिकेल.

डोळ्यांनी केलेल्या मूल्यमापनातही पूर्वग्रह घुसतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखवलं होतं की वरिष्ठ अधिकारी माणसाच्या एका गुणाने प्रभावित झाले की इतर गुणांनाही जास्त गुण देतात. मैदानावर उंच, देखणं धावणारं, आत्मविश्वासाने बोलणारं मूल असंच सगळ्या रकान्यांत वर चढतं. यावर उपाय म्हणजे रकान्यात ‘चांगला’, ‘बरा’ असे शब्द न लिहिता दिसणारी कृती लिहिणं. उदाहरणार्थ ड्रिब्लिंगसाठी, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून धावण्यासाठी: नजर सतत चेंडूवर, मोकळ्या जागेत सुद्धा चेंडू पुढे निसटतो. त्यावरची पायरी: मोकळ्या जागेत ताबा राहतो, दबाव आला की सुटतो. त्यावरची: दबावातही ताबा राहतो, पण एकाच बाजूला वळतो. सर्वांत वरची: दोन्ही बाजूंना वळतो, मान वर, वेग बदलून चकवतो. अशी वर्णनं असली की दोन प्रशिक्षकांची मतं जवळ येतात. एकमेकांना न दाखवता दोघांनी तीच चित्रफीत बघून गुण द्यावेत आणि मग ताडून पाहावेत. फारच फरक पडला तर मुलांना मोजण्याआधी पट्टीच दुरुस्त करायला हवी.

साध्या गोष्टीही राहून जातात. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू 68 ते 70 सेंटिमीटर घेराचा आणि 410 ते 450 ग्रॅम वजनाचा असतो. नऊ वर्षांच्या मुलाला तो देऊन पासची लांबी मोजणं म्हणजे पायाची ताकद मोजणं. त्या वयाला चार नंबरचा, त्याहून लहानांना तीन नंबरचा चेंडू घ्यावा, आणि दर वेळी हवा सारखी भरलेली असावी. मैदान ओलं की कोरडं, गवत खरं की कृत्रिम, हेही लिहून ठेवावं. हेडिंगची, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याची, चाचणी लहानांची घेऊच नये. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांच्या काळजीने अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2015 मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी हेडिंगला मनाई केली. इंग्लंडमध्ये 2020च्या मार्गदर्शक सूचनांनी अकरा वर्षांखालच्या मुलांच्या सरावातून ते काढलं. सात-आठ वर्षांच्या मुलांची तर कोणतीच औपचारिक चाचणी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्यांना खेळू द्यावं आणि प्रशिक्षकाने नुसतं बघावं.

एवढं सगळं करूनही भविष्य कळतं का? जर्मन फुटबॉल महासंघाने 2002 पासून देशभरात साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उभारली आणि तिथल्या मुलांच्या धाव, चपळता, ड्रिब्लिंग, ताबा आणि शॉटच्या चाचण्या वर्षानुवर्षं घेतल्या. त्यातून दिसलं की चांगले गुण मिळवणाऱ्यांच्या गटातून पुढे वरच्या पातळीवर गेलेले खेळाडू जास्त निघतात. पण एखाद्या ठरावीक मुलाचं पुढे काय होईल, हे त्या गुणांवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे बाराव्या वर्षीच्या एका चाचणीवर कोणाला कायमचं बाहेर काढण्याला शास्त्राचा आधार नाही.

मुलाला निकाल सांगताना त्याच्या मागच्या निकालाशी तुलना करावी. क्रमांकाची यादी भिंतीवर लावू नये. सराव झाल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत सगळेच सुधारलेले दिसतात, म्हणून पुन्हा मोजायचं ते काही दिवसांच्या खंडानंतर. जे तेव्हाही टिकलं तेच शिकलेलं असतं. वर्षातून तीन-चार वेळा मोजलं तरी पुरतं. प्रत्येक वेळी मुलाशी पाच मिनिटं स्वतंत्र बोलावं आणि आधी त्यालाच विचारावं, तुला स्वतःला काय जमतंय असं वाटतं आणि कुठे अडतंय? मग एक जमलेली गोष्ट आणि एक पुढची गोष्ट त्याच्यासमोर कागदावर लिहावी. दोनच. डाव्या पायाने वळणं हे पुढचं काम ठरलं असेल, तर पुढच्या चाचणीपर्यंतच्या प्रत्येक सरावात त्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवणं ही प्रशिक्षकाची जबाबदारी.